चेंडू वाळूतच राहतो

विवराचा प्रयोग शिक्षकांच्या कार्यशाळेत हमखास रंगतो. पसरट ट्रेमध्ये कोरडी वाळू, वर रंगीत खडूच्या पुडीचा पातळ थर आणि हातातून सुटणारी पोलादी गोळी. गोळी आदळते, रंगाखालची वाळू किरणांसारखी चहूबाजूंना उडते आणि चंद्राच्या छायाचित्रात पाहिलेलं विवर पायाशी उमटतं. मग कोणीतरी वाकून विवराच्या तळातून गोळी उचलतं. त्या एका क्षणात एक चुकीची गोष्ट शिकवली जाते, आणि कोणी थांबून विचारलं नाही तर ती तशीच वर्गापर्यंत पोचते: आदळलेली वस्तू विवराच्या तळाशी शाबूत सापडते.

ही चूक शिक्षकांनीच केली असं नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात सुमारे १.२ किलोमीटर रुंद आणि १७० मीटर खोल असं एक विवर आहे. हे विवर अशनी आदळून झालं, हे डॅनियल बॅरिंजर या खाण-अभियंत्याने बरोबर ओळखलं होतं. १९०३ मध्ये त्याने कंपनी काढली आणि तळाखाली पुरलेला लोखंडाचा प्रचंड गोळा शोधायला खोदकाम सुरू केलं. ते थांबून थांबून १९२९ पर्यंत चाललं. गोळा सापडला नाही, कारण तो नव्हताच. सुमारे ५० मीटर आकाराचा तो लोहपिंड आदळतानाच बहुतांशी वितळून, वाफ होऊन विखुरला होता. बॅरिंजरच्या डोळ्यांसमोरचं चित्र आपल्या ट्रेमधलंच होतं. वाळूत चेंडू टाकला की चेंडू वाळूतच राहतो, मग डोंगराएवढा चेंडू कुठे जाईल?

फरक वेगाचा आहे. १६० सेंटिमीटरवरून सोडलेली गोळी वाळूवर पोचते तेव्हा तिचा वेग सेकंदाला साधारण साडेपाच मीटर असतो. अवकाशातून येणारा मोठा दगड पृथ्वीवर सेकंदाला निदान ११ किलोमीटर वेगाने आदळतो, म्हणजे दोन हजार पट. एवढ्या वेगात एक किलो दगडाची गतिज ऊर्जा एक किलो टीएनटीच्या स्फोटाच्या सुमारे पंधरापट भरते. ट्रेमध्ये गोळी वाळू बाजूला सारते. खऱ्या आघातात स्फोट होतो.

दुसरी फसवणूक याहून सूक्ष्म आहे. गोळी तिरकी फेकली की ट्रेमधलं विवर लांबट होतं. चंद्रावरची विवरं मात्र जवळजवळ सगळी गोल आहेत, आणि सगळे दगड काही सरळ डोक्यावरून आलेले नसणार. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा त्या काळातला अव्वल भूवैज्ञानिक. चंद्रावरची विवरं आघातानेच झाली, असं त्याने १८९३ मध्ये मांडलं. पण मऊ पदार्थांवर गोळे टाकून केलेल्या प्रयोगांत तिरक्या माऱ्याने लंबगोल खड्डे पडत, आणि हे कोडं सोडवण्यासाठी त्याला पृथ्वीभोवती फिरणाऱ्या छोट्या चंद्रांचं कडं कल्पावं लागलं. १९२४ मध्ये न्यूझीलंडच्या गिफर्ड या खगोलज्ञाने दाखवून दिलं की प्रचंड वेगाचा आघात हा स्फोटच असतो, आणि स्फोटाचा खड्डा दगड कोणत्याही बाजूने आला तरी गोलच पडतो. फार तिरक्या, जमिनीला घासत येणाऱ्या माऱ्याचा तेवढा अपवाद. बेसॉल्टमधलं लोणारचं विवरही जवळपास गोलच आहे.

मग हा प्रयोग टाकून द्यायचा का? मुळीच नाही. तो नीट केला तर फार मोलाचा आहे. ट्रे ३० बाय ४० सेंटिमीटरचा घ्यावा आणि वाळूचा थर आठ सेंटिमीटरपेक्षा कमी नसावा. थर उथळ असला की मोठी गोळी तळाला टेकते आणि विवर विनाकारण पसरट होतं. एवढ्या वाळूचं वजन १५ किलोच्या आसपास जातं, म्हणून ट्रे जमिनीवरच मांडावेत. टेबल वाकतं आणि प्रत्येक धक्क्याने वाळू दबत जाते. वाळू आदल्या दिवशी उन्हात पसरून चाळलेली हवी. जरा ओलसर राहिली तर विवराच्या भिंती उभ्या राहतात आणि मोजमाप भलतंच येतं. गोळ्या बेअरिंगच्या, म्हणजे पोलादी घ्याव्यात, एक आणि दोन सेंटिमीटर व्यासाच्या. पोलादी असण्याचा फायदा असा की चुंबकाने त्या वरच्या वर उचलता येतात आणि विवराची कड मोडत नाही. रंगीत पूड चहाच्या गाळण्यातून जेमतेम दोन मिलिमीटर भुरभुरावी. ट्रेजवळच्यांनी चष्मा लावावा, कारण उडालेली वाळू डोळ्यांत जाऊ शकते.

उंची १०, २०, ४०, ८० आणि १६० सेंटिमीटर घ्यावी. प्रत्येक उंचीवरून तीन वेळा गोळी सोडायची आणि दर वेळी वाळू मोकळी करून पट्टीने हलकेच सपाट करायची, दाबायची नाही. सोडण्याआधी प्रत्येक गटाने अंदाज लिहायचा: उंची दुप्पट केली तर विवर किती रुंद होईल? जवळपास सगळे 'दुप्पट' लिहितात. मोजल्यावर दिसतं ते वेगळंच. १० सेंटिमीटरवरून चार सेंटिमीटरचं विवर पडलं असेल, तर २० वरून पावणेपाचच्या जवळपास पडतं. चारचं आठ व्हायला उंची सोळापट न्यावी लागते. उंची जितकी पट, ऊर्जाही तितकीच पट, आणि विवराचा व्यास ऊर्जेच्या चतुर्थमुळाप्रमाणे वाढतो. हे सूत्र आधी फळ्यावर लिहिलं तर कोणालाच त्याचं काही वाटत नाही; स्वतःच्या आकड्यांतून ते वर आलं की विसरत नाही. एक नेहमीची चूक म्हणजे काहीजण कडेच्या बाहेरून मोजतात आणि काहीजण आतून. कडेच्या माथ्यापासून समोरच्या माथ्यापर्यंत मोजायचं, हे आधीच ठरवून घ्यावं.

आणि शेवटी गोळी उचलताना थांबायचं. तिथे विचारायचं, 'ही इथे का आहे? खऱ्या विवरात असती का?' बॅरिंजरची गोष्ट सांगण्याची जागा हीच. आधी सांगितली तर ती नुसती माहिती होऊन बसते.

पृथ्वी आणि अवकाश हे विषय हातात घेता येत नाहीत, म्हणून आपण चेंडू, दिवा, माती आणि काठी घेतो. त्यातली प्रत्येक प्रतिकृती एक गोष्ट खरी दाखवते आणि दोन-तीन गोष्टी खोट्या. शिक्षकाला खरी गोष्ट तर कळायला हवीच, पण खोट्या कोणत्या तेही हाताला कळायला हवं. कारण पाचवी-सहावीतलं मूल प्रश्न विचारतं तो नेमका त्या खोट्या जागीच.

चंद्रकलांचा प्रयोग घ्या. अंधारी खोली, मधोमध दिवा, प्रत्येकाच्या हातात पेन्सिलीवर खोचलेला पाच-सहा सेंटिमीटरचा थर्मोकोलचा पांढरा चेंडू. डोकं म्हणजे पृथ्वी. दिव्याकडे तोंड करून हात लांब धरायचा आणि स्वतःभोवती डावीकडे वळत जायचं. आधी अमावस्या, मग उजव्या कडेला कोर, मग अर्धा चंद्र, आणि दिव्याकडे पाठ होते तेव्हा पौर्णिमा. उत्तर गोलार्धात शुक्ल पक्षाचा चंद्र उजवीकडून उजळतो, तसंच इथेही दिसतं. प्रयोग सोपा आहे, पण अनेक ठिकाणी पार बिघडतो, आणि बिघडण्याची कारणं जवळपास ठरलेली असतात. खोलीच्या भिंती पांढऱ्या असतील तर त्यांच्यावरून परतलेला प्रकाश चेंडूची काळी बाजू उजळवतो आणि कोर दिसेनाशी होते. भिंतींना गडद चादरी लावाव्यात, नाहीतर सगळ्यात मोठी खोली घ्यावी. एलईडीच्या साध्या दिव्याचा प्रकाश बराचसा पुढच्या दिशेने पडतो, म्हणून गोलाकार दुधी दिवा घ्यावा, आणि तो उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा. टेबलावर ठेवला की प्रकाश खालून येतो आणि चंद्रकोर आडवी पडते.

पौर्णिमेला तर घोळ ठरलेलाच. दिव्याकडे पाठ केली की डोक्याची सावली चेंडूवर पडते आणि चंद्र गायब होतो. त्यातून 'पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्रकला दिसतात' हा मुळात मनात असलेला गैरसमज पक्का होतो. लगेच सूचना येते, 'चेंडू जरा वर धरा.' वर धरला की प्रश्न मिटतो, पण का मिटला ते कळत नाही. वर धरण्याला खरा आधार आहे: चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे. तरीही डोक्याची सावली एवढी मोठी का पडते, याचं उत्तर कक्षेच्या कलण्यात नाही. चेंडू डोक्याच्या फार जवळ आहे, हे त्याचं उत्तर. तिथे मातीचा प्रयोग जोडून घ्यावा.

प्रत्येक गटाला साधारण २०० ग्रॅम क्ले द्यायची. तिची ५० सेंटिमीटर लांबीची, सारख्या जाडीची सुरळी वळायची आणि मधल्या भागातून एक सेंटिमीटरचा तुकडा कापायचा. टोकाकडून कापू नये, कारण तिथे सुरळी बारीक होते आणि चंद्र लहान पडतो. तुकड्याचा गोळा म्हणजे चंद्र, उरलेल्या ४९ सेंटिमीटरचा गोळा म्हणजे पृथ्वी, कारण पृथ्वीचं आकारमान चंद्राच्या ४९ पट आहे. पृथ्वी सहा सेंटिमीटरच्या आसपास होते आणि चंद्र १.६ सेंटिमीटरचा. मग एकच काम द्यायचं: दोघांना योग्य अंतरावर ठेवा. बहुतेक गट वीतभर अंतर सोडतात, धीट गट हातभर. नंतर दोरा द्यायचा. मातीच्या पृथ्वीला तो साडेनऊ वेढे घाला आणि उलगडा. १८० सेंटिमीटर, म्हणजे पृथ्वीचे तीस व्यास. खोलीत क्षणभर शांतता पसरते. पाठ्यपुस्तकात ३,८४,४०० किलोमीटर हा आकडा वर्षानुवर्षं शिकवलेला असतो, तो त्या दोऱ्यात पहिल्यांदा दिसतो. आता पाच अंशांचा कल धरला तर १८० सेंटिमीटरवरचा हा चंद्र १६ सेंटिमीटर वर किंवा खाली जाऊ शकतो, आणि तिथे पृथ्वीच्या दाट सावलीची रुंदी सव्वाचार सेंटिमीटर आहे. दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, हे सांगावं लागत नाही. या मापात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पृथ्वीपासून दोन मिलिमीटरवर येतं, आणि सूर्य साडेसहा मीटर रुंदीचा होऊन ७०० मीटर दूर जातो.

दिव्याच्या प्रयोगात यापेक्षाही सुंदर एक खोट दडलेली आहे. ती क्वचितच वापरली जाते, याचं वाईट वाटतं. पायाखाली खडूने वर्तुळ काढून त्याचे तीस भाग करावेत, प्रत्येकी बारा अंशांचे. हा बारा अंशांचा भाग म्हणजेच तिथी. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. अष्टमी ८४ ते ९६ अंशांची, म्हणून अर्धा चंद्र बरोबर अष्टमीच्या मध्यावर, ९० अंशांवर यायला हवा. शिक्षकांना सांगावं, चेंडू अचूक अर्धा उजळलेला दिसेल तिथे थांबा आणि पायाखालची तिथी वाचा. दिवा दीड मीटरवर असेल तर ते षष्ठीवर थांबतात. दिव्यापासून तीन मीटरवर गेले तर सप्तमीच्या मध्यावर. पाच मीटरवर सप्तमी संपत आलेली असते.

चूक त्यांची नाही. दिवा जवळ असल्यामुळे असं होतं. चेंडू अर्धा दिसतो तेव्हा काटकोन चेंडूपाशी असतो, डोक्यापाशी नाही. हात ६० सेंटिमीटर आणि दिवा १५० सेंटिमीटर धरला तर डोक्यापाशी ६६ अंशांचाच कोन होतो. सूर्य जितका दूर, तितका हा कोन नव्वदकडे सरकतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ॲरिस्टार्कस या ग्रीक खगोलज्ञाने याच कोनावरून सूर्याचं अंतर काढायचा प्रयत्न केला. त्याने कोन ८७ अंश धरला, म्हणून सूर्य चंद्राच्या १८ ते २० पट दूर ठरला. खरा कोन ८९.८५ अंशांच्या आसपास आहे आणि सूर्य सुमारे ३९० पट दूर. तीन अंशांहूनही कमी फरकाने केवढा सूर्य हातातून निसटला! प्रतिकृतीच्या चुकीतून माणसाने केलेली एक फार जुनी मोजणी उभी राहते. हा प्रयोग दहा मिनिटांत उरकणाऱ्यांनी इथे अर्धा तास जास्त द्यावा.

आणखी एक त्रुटी आहे: डोकं चंद्राबरोबर फिरतं, त्यामुळे दिवस-रात्र हरवतात. म्हणून दुसऱ्या फेरीत चेंडू जोडीदाराने एका जागी धरावा. पाहणाऱ्याने दोन्ही हात पसरायचे, डावा म्हणजे पूर्व क्षितिज आणि उजवा पश्चिम, आणि जागच्या जागी डावीकडे वळायचं. नाक दिव्याकडे असेल तेव्हा दुपार, दिवा उजव्या हाताशी आला की सूर्यास्त. अष्टमीचा चंद्र दुपारी उगवतो आणि सूर्यास्ताला माथ्यावर असतो, हे इथे शरीरालाच कळतं.

पृथ्वीच्या पोटातल्या गोष्टींसाठी प्रतिकृती जास्त धोक्याच्या आहेत. चंचुपात्रात पाणी तापवून तळाशी पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकायचा, जांभळे प्रवाह वर चढताना दाखवायचे आणि म्हणायचं, 'प्रावरणात असंच होतं.' प्रवाह दिसतात हे खरं. पण पाहणारा हमखास धरून चालतो की प्रावरण हे वितळलेल्या खडकाचं डबकं आहे आणि भूपट्ट त्यावर तरंगतात. प्रावरण घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. त्या प्रावरणातून आरपार जातात आणि साधारण २९०० किलोमीटर खोलीवर, बाह्य गाभ्यापाशी अडतात. घन खडक फार सावकाश वाहतो, भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटरच सरकतात. पात्राशेजारी डांबराचा खडा ठेवला तर बोलायला जागा मिळते. हातोडीने तो काचेसारखा फुटतो, पण नरसाळ्यात ठेवला तर वर्षानुवर्षांनी थेंब पडतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ मध्ये सुरू झालेल्या अशा प्रयोगात २०१४ पर्यंत नऊच थेंब पडले. अर्थात डांबर म्हणजे अतिघट्ट द्रव, तेव्हा हीसुद्धा तडजोडच. तेही सांगावं.

शंकूच्या, म्हणजे उभ्या काठीच्या, छायेचा प्रयोग मात्र प्रतिकृती नाहीच, तो प्रत्यक्ष सूर्यच मोजतो. म्हणून कार्यशाळेत तो असायलाच हवा. मीटरभर काठी ओळंब्याने उभी करावी. एक अंश कलली तरी टोक पावणेदोन सेंटिमीटर हलतं. सूर्य अर्ध्या अंशाचा असल्यामुळे मीटरभर दूर पडणाऱ्या छायेच्या टोकाला नऊ मिलिमीटरची पुसट कड येते आणि प्रत्येकजण वेगळीच खूण करतो. काठीच्या माथ्यावर पाच मिलिमीटरचं छिद्र पाडलेला पुठ्ठा लावला तर जमिनीवर प्रकाशाचा ठिपका पडतो, त्याचा मध्य निःशंक धरता येतो. सकाळच्या आणि दुपारच्या सारख्या लांबीच्या छायांवरून उत्तर दिशा काढण्याची रीत सूर्यसिद्धांतातही आहे. सर्वांत आखूड छाया घड्याळाच्या बाराला पडत नाही, हे पाहून शिक्षक आधी काठीला दोष देतात. खरी कारणं दोन: प्रमाणवेळेच्या रेखांशापासून प्रत्येक अंशाच्या फरकाला चार मिनिटं, आणि त्यावर काळसमीकरणाचा, म्हणजे सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतला, वर्षभर बदलणारा फरक. हा दुसरा फरक फेब्रुवारीत १४ मिनिटांपर्यंत एका बाजूला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटांपर्यंत दुसऱ्या बाजूला जातो.

असे प्रयोग दिवसाला तीनच घ्यावेत. दहा प्रयोगांची कार्यशाळा पाहायला भरगच्च दिसते, पण घरी जातात ती छायाचित्रं. अठ्ठावीस शिक्षक, चारचारचे सात गट, दोन मार्गदर्शक, आणि एका प्रयोगाला दीड तास: दहा मिनिटं अंदाज, चाळीस मिनिटं हातांनी काम, आणि उरलेली चाळीस मिनिटं बोलणं. अंदाज पेनानेच लिहून घ्यावा. पेन्सिलीने लिहिलेला अंदाज निकालानंतर हळूच खोडला जातो, आणि खोडलेल्या अंदाजाबरोबर शिकण्यासारखं बरंच पुसलं जातं. मार्गदर्शकाने उत्तर देण्याची घाई करू नये. अर्धा चंद्र षष्ठीवर का आला, हे एखाद्या गटाला पंधरा मिनिटं सुटलं नाही तरी चालेल. त्या पंधरा मिनिटांत ते कागदावर त्रिकोण काढत असतात, आणि वर्गात उभं राहिल्यावर आठवणार आहे तो त्रिकोणच. प्रत्येक प्रयोगानंतर गटाने एका कागदावर 'ही प्रतिकृती इथे खोटी आहे' असं लिहून साहित्याच्या खोक्यात ठेवावं. पुढच्या वर्षी ते खोकं उघडणाऱ्याला कृतीपत्रिकेपेक्षा या कागदाचा उपयोग जास्त होतो.

तारीख ठरवताना पंचांग पाहावं. शुक्ल सप्तमी ते दशमीच्या दरम्यान, शक्यतो अष्टमीला, कार्यशाळा ठेवली तर दुपारी चारच्या सुमारास चंद्र पूर्वेकडच्या आकाशात वर आलेला असतो आणि सूर्यही अजून मावळलेला नसतो. ढगाळ दिवसांत एक दिवस राखीव ठेवावा. सगळ्यांनी थर्मोकोलचे तेच चेंडू घेऊन उन्हात यायचं. सूर्याकडे पाहायचं नाही. चंद्र शोधायचा आणि हात लांब करून चेंडू त्याच्या अगदी शेजारी दिसेल असा धरायचा. चेंडू चंद्राच्या सुमारे दहापट मोठा दिसतो, पण त्यावर उन्हाची आणि सावलीची रेघ नेमकी तिथेच पडते जिथे ती चंद्रावर आहे, तितकीच तिरकी, तितकीच वळलेली. इथे दिवा दीड मीटरवर नाही, म्हणून षष्ठीही नाही. एकाच सूर्याने दोन चेंडू सारखे उजळलेले असतात, एक हातात आणि एक तीस पृथ्व्यांइतका दूर.